मखमली अस्तराचं जाकीट

माझ्या वडिलांनी मला दीड वर्ष सरळ शिवलं. मी वाकडी होते, आणि ते माझे कपडे असे शिवायचे की मी सरळ दिसावी. डाव्या खांद्यात कापसाची पातळ गादी, डाव्या बाजूला स्कर्टचा घेर बोटभर आखूड, कमरेपाशी एक चोरटी चुणी, की काम फत्ते. ही गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नाही. मलाही नाही. मला तर वाटतं, त्यांनी ती स्वतःलाही धड सांगितली नसावी. माप घेतलं, दोन खांद्यांत फरक आला, कात्रीनं तो फरक खाऊन टाकला आणि ते पुढच्या कपड्याकडे वळले. आमचं सगळं वडसा गाव त्यांना मास्तर म्हणायचं. शाळेत शिकवणाऱ्यांना मात्र नुसतं गुरुजी. आता मान कुणाला जास्त होता ते तुम्हीच ठरवा.

आमचं दुकान स्टेशनहून बाजाराकडे येणाऱ्या रस्त्यावर होतं. पुढे दुकान, मागे घर आणि मधे एक पडदा. तो पडदा एका बंद पडलेल्या नाटक कंपनीचा होता आणि त्यावर खांब-झुंबरांसकट राजवाडा रंगवलेला होता, त्यामुळे आई हातात उलथणं घेऊन बाहेर आली की ती थेट दरबारात आलेली दिसायची. झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, नाटकांचं ठाणं म्हणजे आमचं गाव. धान कापून झालं, दिवाळी उरकली, की कंपन्या खेडोपाडी निघायच्या त्या होळीपर्यंत थांबायच्या नाहीत. त्यांचे राजे, फौजदार, पाटील आणि नर्तिका बाबांच्या हातचे कपडे घालून निघायच्या. फाटक्या अंगाच्या नटाला बाबा छाती द्यायचे, पोट सुटलेल्या नायकाला कंबर द्यायचे, खलनायकाला हवं असेल तर कुबडही द्यायचे. प्लॅस्टिकच्या पायपा शेगडीवर मऊ करून त्यांची धनुष्यं वाकवायचे. काम झालं की दोन पावलं मागे सरायचे, एक डोळा मिटायचे आणि म्हणायचे, “समोरून बराबर दिसते ना? मंग झालं.” दिवसभर मशीनची खडखड, मागून राईस मिलची घरघर, स्टेशनात मालगाडीचे डबे एकमेकांना आदळल्याचे आवाज, आणि या सगळ्यावर मात करणारं नत्थूभाऊंचं हसू.

नत्थूभाऊ खलनायकाची कामं करायचे. आमच्या दारात उभे राहून ते आपलं विकट हास्य घोटायचे आणि रस्त्यावरून जाणाऱ्या शेळ्या उधळायच्या. प्रत्यक्षात ते इतके भित्रे होते की टोचून घ्यायच्या भीतीनं माप देतानासुद्धा टाचण्या मोजून बाजूला ठेवायला लावायचे. माझ्या आईच्या हातच्या लाखोळीच्या डाळीच्या वड्यांवर त्यांचा जीव होता. कपडा तयार नसला तरी चालेल, वडे तयार पाहिजेत, असा त्यांचा हिशेब. मला ते ‘कुंदाराणी’ म्हणायचे. घरात बाकी सगळ्यांची मी कुंदी.

माझं बिंग फुटलं ते शाळेच्या गॅदरिंगमध्ये. नाचासाठी शाळेच्या पेटीतले झगे मिळाले आणि जन्मात पहिल्यांदा मी बाबांनी न शिवलेला कपडा अंगात घातला. झगा डावीकडे घसरला. आमच्या बाईंनी तो वर ओढला. तो पुन्हा घसरला. “सरळ उभी राहा,” बाई म्हणाल्या. मी सरळच उभी होते. बाईंनी खांद्यावर टाचणी लावली, तरी खालचा घेर एका बाजूला जमीन झाडत राहिला. “कुंदा, नखरे पुरे!” असं म्हणताना त्यांच्या हातून टाचणी पडली, ती उचलायला मी वाकले. त्यांनी मला तसंच वाकून राहायला सांगितलं. माझ्या पाठीची उजवी बाजू डावीपेक्षा बरीच वर आली होती, पाठीखाली कुणी उशी सरकवावी तशी. बाई त्याच संध्याकाळी घरी आल्या. आईनं मला पडद्यामागे नेऊन वाकायला लावलं, पाठीवरून हात फिरवला, आणि तशीच दरबारातून दुकानात गेली.

“तुमाले माहीत होतं?”

बाबांनी मशीनवरचा पाय उचलला. “माहीत होतं म्हंजे... माप वेगळं येऊन राह्यलं होतं.”

“मंग सांगतलं काऊन नाई?”

“सांगाचं काय त्याच्यात? म्या बराबर करून देल्लं ना!”

आई त्यांच्यावर इतकी ओरडली की मालगाडी येऊन गेलेली कुणाला कळली नाही. बाबा मान खाली घालून एका राजाच्या अंगरख्याला काज करत राहिले. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर त्या अंगरख्याला दोन्ही बाजूंना काजंच होती, बटणाला जागाच नव्हती.

मग नागपूर. ब्रह्मपुरी, नागभीड, उमरेड असं हिसके देत जाणारी लाल बस, आईच्या पिशवीत भाकरी आणि वांग्याची भाजी, बाबांच्या खिशात माप घ्यायची पट्टी, कारण ती नसली की त्यांना उघडं पडल्यासारखं व्हायचं. डॉक्टरांनी मला वाकायला लावलं, फोटो काढला आणि तो काचेवर लावून दिव्यासमोर धरला. माझा कणा मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. चांगला वळणदार होता. डॉक्टरांनी पट्टी लावून कोन मोजला. अठ्ठावीस अंश. मी काही केल्यामुळे हे झालेलं नाही, दप्तरामुळे नाही, बसण्याच्या सवयीमुळे नाही, काही मुलामुलींना वाढत्या वयात असं आपोआप होतं, असं त्यांनी आईला तीनदा सांगितलं. आईनं तीनदा मान हलवली आणि घरी येईपर्यंत मला “ताठ बस” म्हणून कोपरानं ढोसलं. डॉक्टरांनी मग मुख्य गोष्ट सांगितली. प्लॅस्टिकचं एक कडक जाकीट दिवसातले वीस तास घालायचं, ठरलेले व्यायाम करायचे, आणि सहा महिन्यांनी पुन्हा फोटो. मी वाढते आहे तोवर कणा जागेवर थोपवायचा, एवढंच काम. थांबला तर ठीक. वाढत गेला तर ऑपरेशन, पाठ उघडून कण्याला सळ्या लावायच्या. “सळ्या” हा शब्द ऐकल्यावर बाबांनी खिशातली पट्टी घट्ट धरली. मी कितीही हसून लिहीत असले तरी सांगते, त्या शब्दाची मला विलक्षण भीती बसली. घर बांधायला आणलेल्या सळ्या मी पाहिल्या होत्या. कण्याला लावायच्या सळ्या वेगळ्या असतील हे मला कोण सांगणार?

जाकीट दवाखान्याच्या मागच्या कारखान्यात इंगळेकाकांनी बनवलं. पांढरं, काखेपासून कमरेखालपर्यंत, मागे तीन पट्टे. ते घालून मी घरी आले आणि वडसा गावाला एक नवा छंद लागला. जो येईल तो माझ्या पोटावर बोटांनी टकटक करायचा. पोस्टमन टकटक करायचा, भाजीवाली करायची, हेडमास्तरांनी आधी “मे आय?” विचारलं आणि मग केली. आत्याबाई तर टकटक करून “कोन आहे घरात?” विचारायच्या आणि स्वतःच पाच मिनिटं हसायच्या. उपायही फुकट मिळाले. एकानं सांगितलं, कडुनिंबाच्या फांदीला रोज लटकव. दुसऱ्यानं सांगितलं, डोक्यावर तांदळाची पायली ठेवून चालव. तिसऱ्याला तर कणा चोळून सरळ करणारा माणूसच माहीत होता, फक्त तो कुठल्या गावी राहतो ते आठवत नव्हतं. आईनं सगळ्यांना वडे देऊन वाटेला लावलं.

व्यायाम दुकानातल्या मोठ्या आरशासमोर करावा लागे, कारण घरात दुसरा आरसा हातरुमालाएवढा होता. दबलेल्या डाव्या कुशीत श्वास भरायचा, उजवी बाजू आत ओढायची, आणि त्याच स्थितीत मोजायचं. माप द्यायला आलेले नट माझ्यामागे रांगेत उभे राहून तेच करायचे. नत्थूभाऊंना त्या श्वासानं हसू लांबवता येऊ लागलं, तेव्हा ते रोज हजर. एकदा त्यांनी माझ्या जाकिटाकडे बराच वेळ पाहिलं आणि हळूच बाबांना म्हणाले, “मास्तर, येवढं शनिवारच्या प्रयोगाले द्या ना जी. वरून चांदीचा कागद लावला तं चिलखत म्हून काय शोभंन!” बाबांनी खरोखरच दोन पावलं मागे सरून एक डोळा मिटला. आईनं पडद्याआडून उलथणं दाखवलं म्हणून ते चिलखत रणांगणावर गेलं नाही.

जेवणाचं दुःख मात्र खरं होतं. आमच्याकडे जेवण म्हणजे भात, आणि भात म्हणजे ताटात ढीग. जाकीट घातलं की चार घासांत पोट प्लॅस्टिकला टेकायचं. आई ताटाकडे आणि माझ्याकडे आळीपाळीनं पाहायची आणि तिचाच घास अडायचा. शेवटी मी थोडं थोडं सहादा खायला शिकले. आजही मी तशीच खाते आणि माझ्या सुना मला खादाड समजतात.

पण याहून वाईट होतं ते उजव्या बरगड्यांवरचं दुखणं. तिथं आतून एक जाड गादी होती, ती सारखी दाबायची. पहिले काही आठवडे मी दम धरला. मग एका दुपारी शाळेतून आले आणि दुकानातल्या बाकावर बसून भोकाड पसरलं. “बाबा, रुततं. इथं रुततं.”

आता हे वाक्य ज्यानं आयुष्यभर गिऱ्हाइकांकडून ऐकलं आहे, तो माणूस काय करणार? कपडा रुतला की दोष कपड्याचा. शिवण उसवायची, आत दुमडलेली कापडाची माया सोडायची, पुन्हा घालून पाहायचं. बाबांनी जाकीट उलटंपालटं करून पाहिलं आणि इंगळेकाकांविषयी एक तुच्छतेचा आवाज काढला. “याले फिटिंग म्हनते? एका बाजूनं पुरा दाबून टाकला. कोनाचं माप कोनाले लावलं त्यानं, काय माहीत.” मग त्यांनी शेगडी पेटवली. आई भावाकडे आरमोरीला गेली होती, नाहीतर पुढचं घडलंच नसतं. धनुष्य वाकवण्याचा सगळा अनुभव पणाला लावून त्यांनी ओलं फडकं ठेवलं, कोळशाची इस्त्री फिरवली, आणि रुतणारी बाजू हळूहळू बाहेर फुगवली. आतली जाड गादी सुरीनं काढून टाकली. मग, काम अर्धवट टाकायची सवय नसल्यामुळे, एका राजाच्या झग्यातून उरलेली मरून मखमल आतून चिकटवली आणि वरच्या काठाला सोनेरी जरीचा गोटा लावला. मी ते घातलं. काय सांगू! ढगात बसल्यासारखं वाटलं. बाबा दोन पावलं मागे सरले आणि एक डोळा मिटून म्हणाले, “आता कसं? आता अंगाचं दिसते.”

पाच महिने मी राणीसारखी मिरवले. वीस तास कशाला, बावीस तास घालायची. आई परत आली तेव्हा तिनं गोटा पाहून कपाळाला हात लावला, पण मी रडत नव्हते आणि दोन घास जास्त खात होते, म्हणून तीही काही बोलली नाही. आम्ही तिघंही खूश होतो. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे, कारण नंतर सगळा दोष बाबांच्या पदरात पडला आणि त्यांनीही तो निमूट घेतला.

सहा महिन्यांनी पुन्हा नागपूर. या वेळी मी आणि बाबाच. जाकीट कापडी पिशवीत, मी आत फोटो काढायला. डॉक्टरांनी जुना आणि नवा फोटो शेजारी शेजारी लावले, पट्टी लावली, पुन्हा लावली आणि चष्मा काढून ठेवला. अठ्ठावीसचे पस्तीस झाले होते.

“जाकीट घालत होतीस ना?” त्यांनी विचारलं.

मी बाबांकडे पाहिलं. ते पिशवीतल्या जाकिटाकडे पाहत होते. त्यांना कळलं होतं. मलाही कळलं होतं, अगदी त्याच क्षणी, आणि कुठून बुद्धी झाली देव जाणे, मी म्हणाले, “नाही. मी काढून ठेवायची. शाळेत, घरी, सगळीकडे. पोरं चिडवायची म्हणून.” डॉक्टर चिडले. इतकी मोठी मुलगी, आईवडील एवढ्या लांबून घेऊन येतात, ऑपरेशन म्हणजे काय वाटतं तुला, असं बरंच बोलले. मी खाली पाहून ऐकत होते. परक्या माणसासमोर माझ्या बाबांना कुणी ‘हे काय करून बसलात’ म्हणू नये, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

“नाई जी, डाक्टरसाहेब,” बाबा म्हणाले. त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता की डॉक्टरांना पुन्हा विचारावं लागलं. “पोट्टी खोटं बोलून राह्यली. तिनं एक दिस नाई काढलं. म्याच... म्या सैल करून देल्लं. तिले रुते म्हून.”

“सैल म्हणजे पट्टे?”

बाबांनी पिशवीत हात घातला आणि जाकीट टेबलावर ठेवलं. मरून मखमल. सोनेरी गोटा. डॉक्टरांनी ते दोन बोटांनी उघडून पाहिलं. मग त्यांनी इंगळेकाकांना बोलावणं पाठवलं. काका आले, त्यांनी चष्मा लावला, आतून हात फिरवला आणि विचारलं, “हे कोणत्या महाराजांचं आहे?”

डॉक्टर हसले. हसू आवरेना म्हणून उठून खिडकीशी गेले, पाणी प्यायले, पुन्हा मखमलीकडे नजर गेली आणि पुन्हा खिडकीशी गेले. इंगळेकाका गोट्याची शिलाई बारकाईनं बघत “काम मात्र साफ आहे” म्हणाले. मीही हसले असते, पण बाबा रडत होते. आवाज न करता, टोपीनं तोंड पुसत. मी त्यांना तसं आधी कधी पाहिलं नव्हतं. मग डॉक्टर त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून बसले आणि त्यांनी एक पेन्सिल तीन बोटांत धरली. दोन बोटं एका बाजूला, एक दुसऱ्या बाजूला. “मास्तर, कपडा अंगाप्रमाणे शिवतात. हे उलटं आहे. हे अंगाला वळवायला बनवलंय. जिथं रुततं ना, तिथंच औषध आहे. तुम्ही नेमकं औषध कापून टाकलं.” नंतर माझ्याकडे वळून म्हणाले की हाडं अजून वाढताहेत, आणखी एक संधी आहे. नवं जाकीट, सहा महिने. आणि या वेळी कोन वाढला, तर मग विषय संपला.

नव्या जाकिटासाठी माझ्या धडाचा पुन्हा प्लॅस्टरचा साचा घेतला आणि तो भरून त्याचा पुतळा केला. बाबा दोन दिवस कारखान्यातल्या स्टुलावर बसून इंगळेकाकांचं काम पाहत राहिले, कुठे दाबतात, कुठे पोकळी सोडतात ते. निघताना त्यांनी काकांकडे तो पांढराशुभ्र पुतळा मागून घेतला. मान नाही, हात नाहीत, नुसतं माझं धड, आणि वजन तांदळाच्या अर्ध्या पोत्याएवढं. बसमध्ये बाबांनी त्याला खिडकीशी बसवलं, मधे मी, कडेला ते. कंडक्टर येऊन उभा राहिला.

“हे काय होय जी?”

“माह्यी पोट्टी.”

“आन् ही?”

“हेबी माह्यी पोट्टी.”

कंडक्टरनं दोघींकडे नीट पाहिलं आणि पुढच्या सीटकडे गेला. उमरेडपर्यंत तो आमच्याकडे वळून वळून बघत होता.

तो पुतळा दुकानात आला. आईनं पहिल्याच दिवशी “पोट्टीचं अंग असं रस्त्यावर उघडं ठेवता का?” म्हणून त्याला पोलकं चढवलं. बाबांनी ते उतरवलं आणि पुतळा पाठमोरा ठेवला. मग ते कितीतरी वेळ त्याच्यासमोर बसून राहिले. मी पडद्याच्या फटीतून पाहत होते. त्यांनी वरच्या कडेपासून कमरेपर्यंत पट्टी धरली, मग बोटानं कण्याची वाट काढत खाली आले, डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. बरगड्यांच्या उंचवट्यावर त्यांचा हात थांबला. मी बाहेर आले तर म्हणाले, “कुंदे, म्या तुले समोरूनच पाहत राह्यलो.” मी त्यांच्याजवळ बसले आणि दोघांनी मिळून माझी पाठ पाहिली.

त्या दिवसापासून सकाळचे पट्टे त्यांनी स्वतःकडे घेतले. इंगळेकाकांनी पट्ट्यांवर शाईच्या खुणा केल्या होत्या, तिथवर ओढायचे. बाबा माझ्या मागे उभे राहायचे, जाकिटाला गुडघा टेकवायचे आणि ओढायचे. पहिल्या आठवड्यात मी विव्हळले की त्यांचे हात सुटायचे. मग ते परसात जाऊन यायचे आणि पुन्हा धरायचे. नत्थूभाऊ हे दृश्य सहन न होऊन रस्त्यापलीकडे जाऊन उभे राहायचे आणि तिथून ओरडायचे, “झालं का जी?” मी बाबांना नाही नाही ते बोलले. एकदा म्हणाले, तुम्हाला मी आवडतच नाही. त्यांनी पट्टा खुणेपर्यंत ओढला, अडकवला आणि “हाव”, म्हणजे हो, एवढं म्हणून मशीनवर जाऊन बसले. त्या दिवशी मशीन फार वेळ बंद होती. मी आज त्यांच्या तेव्हाच्या वयापेक्षा मोठी झाले आहे आणि माझं ते वाक्य आठवलं की अजूनही मला स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते.

सहा महिने झाले. या खेपेला आम्ही तिघंही नागपूरला गेलो. फोटो काचेवर लागला. आईनं डोळे मिटून घेतले आणि ओठ हलवायला लागली. बाबा फोटोकडे पाठ करून भिंतीवरचं कॅलेंडर वाचत उभे राहिले, मागच्या महिन्याचं. डॉक्टरांनी पट्टी लावली. इंगळेकाकाही दारात येऊन उभे होते. पट्टी पुन्हा लागली. मला वाटलं, आता सळ्यांचंच ऐकायचं.

“चौतीस,” डॉक्टर म्हणाले. “वाढला नाही. एखादा अंश कमीच, पण तेवढा मोजण्याचा फरक धरा. ऑपरेशनचं आता काढायचं नाही. जाकीट मात्र वाढ पुरी होईस्तोवर चालूच.”

आईनं डोळे उघडून “चौतीस म्हंजे चांगलं का जी?” असं विचारलं आणि डॉक्टर “फार चांगलं” म्हणाल्यावर इंगळेकाकांच्याच पाया पडायला निघाली. काका दाराबाहेर पळाले. बाबा कॅलेंडरपाशीच होते. “सरळ नाई झाला ना पर?” त्यांनी भिंतीला विचारलं. डॉक्टर म्हणाले, “सरळ होणार नाही, मास्तर. तेवढा वाकडा राहील. पण तिचं काही अडणार नाही.” बाबा वळले. पहिल्यांदाच त्यांनी तो फोटो नीट पाहिला, वरपासून खालपर्यंत, दोन्ही डोळे उघडे ठेवून. मग टेबलावरचं जाकीट उचललं, कारण काढल्याला बराच वेळ झाला होता, आणि माझ्या मागे येऊन उभे राहिले.

“बाबा,” मी म्हणाले, “आज तरी एक बोट सैल. आजच्या दिवस.”

“नाई.”

त्यांनी गुडघा टेकवला आणि पट्टा असा ओढला की मी मोठ्यानं किंचाळले. बाहेर बाकावर बसलेल्या बायांनी दाराकडे पाहिलं. बाबांनी पट्ट्याखाली बोट घालून पाहिलं, बोट जाईना, तेव्हा मान डोलावली आणि आईला म्हणाले, “चाल, लय भूक लागली.”